पन्नीवरचा समुद्र

समुद्र म्या कधी पाह्यला नाय, अन् पाहायची हौस बी नाय. पण पडेगावच्या पुढं, दौलताबाद रोडला लागून, नानासाहेबाच्या नऊ एकरात जो समुद्र केलाय तो म्या दोन वर्षं रोज पाह्यलाय. बिल्डरच्या मेल्यांनी माळावर खड्डा खांदला, त्यात प्लास्टिकची निळी पन्नी अंथरली, पन्नीवर वाळू पसरली, टँकरनं पाणी सोडलं अन् म्हणले, घ्या समुद्र. आम्ही त्याला शेततळं म्हणतो. पण शेततळ्याच्या काठाला फ्लॅट कोण घेईल? समुद्र म्हणलं की घेत्यात.

अन् घेतले की. शहरातली शिकलेली माणसं, कॉलेजातले मास्तर, दवाखानेवाले, सरकारी हापिसातले सायेब. समुद्राकडं तोंड असलेल्या फ्लॅटचा भाव येगळा, माळाकडं तोंड असलेल्याचा येगळा. माळ खरा हाय, म्हणून तो स्वस्त. समुद्र खोटा, म्हणून तो महाग. माह्या डोक्यात हे काय अजून शिरलं नाय, पण माहं डोकं मेंढरांमागं फिरून फिरून तसलंच झालं असंल.

बिल्डिंगींना नावं कोकणातल्या गावांची दिली. नारळाची झाडं ट्रकात निजवून आणली अन् चारी बाजूनं दोऱ्या बांधून उभी केली. ती बिचारी आजाऱ्यागत दोऱ्यांवर रेलून राह्यली. नारळ काय धरंनात. मग गिऱ्हाईक यायचं असलं की मॅनेजर सकाळीच बाजारातनं नारळ आणून तारेनं झाडाला बांधायचा, अन् गिऱ्हाईक गेलं की सोडून घ्यायचा. म्या ह्या डोळ्यांनी पाह्यलं. एक होडी आणून ठेवली, तिला वल्हं नाय. तिच्यात बसून फक्त फोटो काढायचे. सांजच्याला खांबावरच्या भोंग्यातनं लाटांचा आवाज सोडायचे. समोर पाण्यावर पापडाएवढी लाट नाय, अन् वरून आवाज घोंघों. पहिल्या सांजेला माही मेंढरं असली बिचकली की निम्मी छावणीच्या रस्त्याला लागली.

अन् ह्या समुद्राच्या काठी राहणाऱ्यांच्या घरात नळाला पाणी किती? चार दिवसाला एकदा. पाइपलाइन यायची हाय म्हणं, दोन वर्षं येतेच हाय. रोज सहा टँकर यायचे ते समुद्रात जायचे, कारण उन्हानं तो आटायचा, अन् समुद्र आटला तर गिऱ्हाईक आटंल असं मॅनेजर सांगायचा. बाया टोपी घालून वाळूत खुर्च्या टाकून बसायच्या, अन् घरी जाऊन एका बादलीत सगळ्या घराच्या आंघोळी. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा.

आता नानासाहेब कोण ते ऐका. ही नऊ एकर त्याची. त्याच्या बापाला, तात्यासाहेबाला, सगळा माळ मान द्यायचा. पोलीस ॲक्शनच्या साली माहा सासरा मेंढरं घेऊन भटकत भटकत इथं आला, तव्हा तात्यासाहेबानं त्याला ओढ्याच्या काठाला पाल टाकू दिलं. तव्हापासून आमच्या दोन घरांत एक दस्तूर हाय. सुगी झाली की आमची मेंढरं त्यांच्या रानात बसायची, लेंडीनं त्यांचं रान सुधारायचं. त्याच्या बदल्यात उन्हाळाभर मेंढरांना त्यांच्या तळ्याचं पाणी. त्यात कागद नाय, पैसा नाय.

पण पाण्यावर आपल्या मनानं जायचं नाय, हा बी दस्तूरच. दर साली मेंढरं बसवली की धनगरानं मालकाच्या पुढं जाऊन इचारायचं, मालक, पाणी कुठं पाजू? मालकानं हात उचलून दाखवायचं. कुठल्या पाण्यात फवारणीचं औषध पडलंय, कुठं गाळ हाय, ते मालकाला ठावं असतं. एकदा हात उचलला की ते पाणी त्या उन्हाळ्यापुरतं मेंढरांचं. मग मालकानं मागं फिरायचं नाय अन् धनगरानं दुसरीकडं जायचं नाय. म्या नवी नवरी म्हणून आले त्या साली तात्यासाहेबाचा हात म्या पाह्यलाय. तो दाखवायचा तर असा दाखवायचा की मेंढरांना बी कळायचं.

त्याच्या पोटी हा नानासाहेब. त्यानं नऊ एकर बिल्डरला देऊन दोन फ्लॅट घेतले, सातव्या मजल्यावर, समुद्राकडं तोंड करून. धोतर सोडलं अन् पोपटाची चित्रं असलेली हाफ पॅन्ट चढवली. ज्याच्या पिंढऱ्या त्याच्या बायकोनं, सरूबाईनं, बी धड उजेडात पाह्यल्या नसतील, तो आता सगळ्या माळाला पिंढऱ्या दाखवत फिरायला लागला. मॅनेजरनं त्याला हापिसात एक खुर्ची दिली. मग काय, तिच्यावर बसून ह्यानं पाचोडचे सगळे सोयरे आणले. मेव्हण्यानं फ्लॅट घेतला, जावयानं घेतला, व्याह्यानं घेतला. नानासाहेबानं सांगितलं म्हणून घेतला. नानासाहेब मोठ्या घरचा, तो खोटं कसं बोलंल, असं म्हणून घेतला.

ह्या सगळ्यात औंदा आमचं तळं बुजलं. जुनं मातीचं तळं व्हतं तिथं आता गाड्या लावायची जागा हाय.

आमच्या घरच्यांचं नाव सूर्यभान. गुडघे गेलेत, पण जबान पक्की. पाडव्याच्या महिनाभर आधी ते मला म्हणले, "बाने, पाडव्यापर्यंत पाण्याची सोय झाली तर ठीक. नायतर पाचोडच्या बाजारात कळप उभा करतो. तहानेनं मरताना मला पाहावणार नाय." चौसष्ट मेंढरं. त्यातली निम्मी माह्या हातावर जन्मलेली. सूर्यभान बोलले म्हणजे बोलले.

म्या सातव्या मजल्यावर गेले. लिफ्टवाला पोरगा मला वर घेईना, मेंढरांचा वास येतो म्हणला, म्हणून जिन्यानं गेले. नानासाहेब गॅलरीत झोपाळ्यावर बसला व्हता.

"बानाबाई, आता पहिल्यासारखं राह्यलं नाय," म्हणला. "पाण्याचं पाहू."

पाहू म्हणजे नाय. मोठ्या लोकांना नाय म्हणायला तोंड दुखतं म्हणून ते पाहू म्हणत्यात. सरूबाईनं तेवढा घोटभर चहा दिला. पाणी मागितलं तर म्हणली, उद्या येणार हाय. म्या जिना उतरले.

सोय झाली ती फकिरामुळं. फकिरा तिथला माळी, आमच्याच शिवारातला. समुद्राच्या काठाला त्यांनी गवताची हिरवळ केली व्हती, ती मुरमावर जळून पिवळी पडली. फकिरानं मॅनेजरला सांगितलं, सायेब, पोत्यातलं खत लई झालं, तीन दिवस इथं मेंढरं बसवा, मग पाहा. मॅनेजर पुण्याकडचा, त्याला त्यातलं काय कळतं? कबूल झाला. मी बी कबूल झाले. पैसे नकोत म्हणलं, दस्तुराप्रमाणं पाणी द्या. मॅनेजर म्हणला, पाण्याचं नानासाहेबांना विचारा, जमीन त्यांची होती.

मेंढरं बसवली तो दिवस रविवारचा. गिऱ्हाईकं येणार म्हणून झाडांना नारळ लागले व्हते. चार घरची माणसं आली, टोप्या घालून, काळे चष्मे लावून. त्यांच्याबरोबर पाचोडचा व्याही बी व्हता, तो आपल्या भावाला दुसरा फ्लॅट घ्यायला लावत व्हता. नानासाहेब त्यांना समुद्र दाखवायला लागला. मी दहा हातावर उभी. मला सगळं ऐकू आलं.

"खाली अख्खा काळा पाषाण आहे," नानासाहेब सांगत व्हता. शहरातल्या माणसांपुढं तो शुद्ध बोलतो. "आमच्या वडिलांच्या काळापासूनचे जिवंत झरे. टँकर तर फक्त उन्हाळ्यात, नावापुरते."

म्या मनात म्हणलं, वा रे पठ्ठ्या. बापाच्या तळ्यावर गाड्या उभ्या केल्यास अन् बापाचे झरे पन्नीखाली दाखवतोस.

दुपारचे तीन झाले असतील. मेंढरं धापा टाकायला लागली. म्या पदर सावरला, पुढं गेले अन् सगळ्यांसमोर इचारलं, "मालक, पाणी कुठं पाजू?"

नानासाहेबाची नजर मेंढरांच्या खुरांवर गेली. ती काहून गेली ते त्याला ठावं अन् मला ठावं. तीन सालामागं आमच्या शिवारातल्या सांडू नावाच्या शेतकऱ्याच्या शेततळ्यात दुसऱ्या एका धनगराची मेंढरं उतरली व्हती. मेंढराचं खूर लई बारीक अन् टोकदार. पन्नीची पार चाळण झाली, आठ दिवसांत तळं कोरडं पडलं. भांडण झालं तव्हा पंच म्हणून नानासाहेबच बसला व्हता. हातात फाटकी पन्नी धरून त्यानंच सगळ्यांना खुरांची भोकं दाखवली व्हती.

"बानाबाई, ते... मागच्या बाजूला टाकी आहे, तिथं..." तो चाचरला.

टोपीवाली एक बाई म्हणली, "अहो, एवढा समुद्र आहे की समोर. पिऊ द्या ना बिचाऱ्यांना. फोटो किती छान येतील."

तिचा नवरा म्हणला, "खाली दगडच आहे ना? मग काय बिघडतंय?"

व्याह्यानं नानासाहेबाकडं पाह्यलं. मॅनेजर हापिसात बसला व्हता, तो काय तिथं नव्हता. तीनच शब्द बोलायचे व्हते नानासाहेबाला, खाली पन्नी हाय. पन्नी हाय म्हणला असता तर त्याचा समुद्र राह्यला असता. पण चार टोप्यांपुढं अन् एका व्याह्यापुढं त्याची जीभ उचलली नाय. हात उचलला. समुद्राकडं.

तुम्ही म्हणाल, बाने, तुला बी ठावं व्हतं, तू काहून गप राह्यलीस? व्हय, ठावं व्हतं. मी नाय कशाला म्हणू? म्या गप राह्यले कारण मला राग आला व्हता. माहं तळं बुजवलं त्याचा राग, लिफ्टचा राग, त्या पाहूचा राग. अन् माही मेंढरं तहानेली व्हती. मालकानं हात दाखवला, दस्तूर पुरा झाला. म्या जिभेनं टकार दिली अन् चौसष्ट मेंढरं वाळूवरनं पाण्यात शिरली, पोटापर्यंत. उन्हाची तशीच उभी राह्यली, खुरं रोवून. माणसांनी होडीत बसून फोटो काढले. नानासाहेब हसत व्हता, पण त्याच्या कपाळावरनं घाम चालला व्हता. तीन दिवस, रोज दोन येळा, मेंढरं समुद्रावर गेली.

चौथ्या दिवशी पाणी हातभर खाली गेलं. आठव्या दिवशी होडी वाळूत टेकली. लोक गॅलरीतनं खाली पाहायला लागले. मॅनेजरला कळंना काय सांगावं, मग त्यानं सांगितलं, ओहोटी हाय.

अन् लोकांनी मान डोलावली. देवाशपथ खरं सांगते. समुद्र हाय म्हणल्यावर ओहोटी यायचीच, असं ते एकमेकांना समजावत व्हते. कॉलेजातल्या एका मास्तरानं तर पंचांग पाहून ओहोटीचं टायमटेबल लिहिलं अन् लिफ्टमध्ये चिटकवलं. फकिरानं येऊन सांगितलं तव्हा मी पोट धरून हसले. एवढी बुकं शिकून माणूस इतका येडा होत असंल तर माही पोरं नाय शिकली ते बरं झालं.

पाणी कुठं गेलं? पाणी कुठं जाणार, उताराला गेलं. समुद्राच्या खाली आमचा ओढा, ओढ्याच्या काठाला आमचं पाल. एका सकाळी आमचं कुत्रं ओल्या पायानं आलं. म्या कुदळ घेऊन ओढ्याच्या वाळूत दोन हात खांदलं, झिरा केला. घडीभरात तो भरून आला. नितळ, गार पाणी. मुरमातनं गाळून आलेलं. सूर्यभाननं ओंजळ भरून पाणी पिलं, मिशा पुसल्या अन् पाचोडच्या व्यापाऱ्याला निरोप धाडला की मेंढरं इकायची नाय. मी त्या दिवशी झिऱ्यापाशी बसून रडले. कोणी पाह्यलं नाय.

मॅनेजरनं सहाचे दहा टँकर केले. भरा म्हणला समुद्र, भाव पडतोय. ते वरून भरायचे, पन्नी खालून सोडायची, अन् ते सगळं आमच्या झिऱ्यात यायचं. सगळा चैत अन् सगळा वैशाख माह्या मेंढरांनी समुद्रवाल्यांच्या टँकरचं पाणी पिलं. कोकरं टणाटण उड्या मारायला लागली. अन् टँकर समुद्राला लागले म्हणून फ्लॅटांतलं पाणी चार दिवसांवरनं आठ दिवसांवर गेलं.

नानासाहेब एकदा झिऱ्यावर येऊन उभा राह्यला. पोपटाच्याच पॅन्टीत. पाण्याकडं पाह्यलं, वर समुद्राकडं पाह्यलं.

"बानाबाई, हे तुह्या मेंढरांचं काम हाय," म्हणला. तिथं कोणी नव्हतं म्हणून आमच्यागत बोलला.

"हात कोणाचा व्हता, मालक?"

तो पायानं वाळू उकरायला लागला.

"जा की मग," म्या म्हणलं. "मॅनेजरला सांगा, पन्नी फाटली. नवी अंथरतील. तुमच्या व्याह्याला बी सांगा, खाली पन्नी हाय, पाषाण नाय. मी काय नाय म्हणत नाय. माहं पाणी बंद होईल, होऊ द्या."

तो उलट्या पावली गेला. अन् सांगितलं नाय. मॅनेजरला खुरांचं काय ठावं, तो कुठं भोक पडलंय ते शोधत राह्यला, बाष्पीभवन का कायसं म्हणत राह्यला, पण नानासाहेबानं तोंड उघडलं नाय. त्याच्या भित्रेपणावर माहा कळप जगत व्हता. ते मला चांगलं वाटत नव्हतं, पण वाईट बी वाटत नव्हतं.

जेठ लागला, पाऊस नाय. एक दिवस टळटळीत दुपारी मी बाभळीखाली बसले व्हते. नानासाहेब ओढ्याच्या कडंकडंनं वाकून आला. दोन्ही हातात पाण्याचे मोठे कॅन अन् कमरेला डबडं. पॅन्ट पुरी घातली व्हती. नऊ दिवस घरात पाणी नाय, सरूबाई रागावून भावाकडं पाचोडला निघून गेली, असं फकिराकडनं मला कळलंच व्हतं. तो घामानं भिजला व्हता. ओठ पांढरे पडले व्हते.

माणूस तहानेला असला की वैरी बी असला तरी पाणी द्यावं. म्या म्हणलं, "भरा मालक, आत्ता भरा. झिरा नितळ हाय. मेंढरं आली की गढूळ होईल, मग दोन घंटे निवळायचं नाय."

तो झिऱ्यापाशी गेला. खाली वाकला, अन् मग मान वर करून बिल्डिंगीकडं पाह्यलं. सगळ्या गॅलऱ्यांचे पडदे ओढलेले व्हते, ऊनच तसं व्हतं. एक पडदा तेवढा उघडा व्हता, तिथं कोणतरी कपडे वाळत घालत व्हतं. नानासाहेब तसाच मागं सरकला अन् बाभळीच्या बुंध्यामागं येऊन बसला.

"कोण हाय ते?" म्या इचारलं.

"व्याही," म्हणला.

"मग पाहू द्या की. पाणी भरायची काय चोरी हाय?"

"मेंढरांच्या खड्ड्यातनं भरताना?" म्हणला. "बानाबाई, माही इज्जत हाय."

आम्ही बसून राह्यलो. व्याही एकेक कपडा झटकून वाळत घालत व्हता. तेवढ्यात सूर्यभाननं टेकाडावरनं मेंढरं सोडली. ती उधळत आली अन् झिऱ्यात उतरली. लाथा, लेंड्या, लोकर, सगळा चिखल झाला. नानासाहेब पाहत व्हता. जीभ ओठावरनं फिरवत व्हता, पण उठला नाय. ह्याच माळाचा मालक. मला त्याची दया यायला पाहिजे व्हती. नाय आली.

वर पडदा ओढला गेला. मेंढरं पाणी पिऊन बाजूला झाली. नानासाहेब उठला, इकडंतिकडं पाह्यलं, गळ्यातला रुमाल काढून कॅनच्या तोंडाला बांधला, अन् खाली बसून त्या गढुळात डबडं बुडवलं.